पुढची पिढी हुशार निपजावी म्हणून

सर्वप्रथम अभिनंदन! चार वर्षांच्या चिरंजीवांनी तुमच्या मोबाइलचा पासवर्ड परस्पर बदलला, म्हणजे घराण्यात बुद्धी उतरली. कोणाच्या घराण्यातून, हा वाद मात्र वेळीच मिटवून टाका. गणितात पैकीच्या पैकी पडले तर 'माझ्यावर गेलाय'. पंचवीसपैकी नऊ पडले तर 'ह्याचे मामा अस्सेच!'

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले जेम्स फ्लिन यांच्या नादी मात्र लागू नका. 1932 ते 1978 या काळात अमेरिकनांचा बुद्ध्यांक सुमारे 14 गुणांनी वाढला, असं या गृहस्थांनी 1984 साली दाखवून दिलं. पुढे इतर देशांतही तेच आढळलं. इतक्या थोड्या काळात जनुकं काही बदलत नाहीत, तेव्हा श्रेय गेलं शाळा, पोषण, लहान कुटुंब असल्या किरकोळ गोष्टींना. त्यातून चाचणीवाले अधूनमधून सरासरी पुन्हा 100 वर आणून बसवतात. म्हणजे अख्खी पिढी हुशार झाली तरी तुमचा बंड्या शेजारच्या बंड्याच्या मागेच. अशा हुशारीचा उपयोग काय?

त्यापेक्षा आपण संस्कारांकडे वळू. सुरुवात पोटातल्या बाळापासून करा, त्याला संगीत ऐकवा. 1993 साली कॅलिफोर्नियात काही कॉलेजकुमारांना मोझार्ट ऐकवला, तर एका प्रकारच्या कोड्यांत त्यांचे गुण जेमतेम पाऊण तास... छे, तेवढेही नाही, दहा-पंधरा मिनिटं वाढले. तेवढ्यावर 1998 साली अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला सीडी देण्यासाठी सरकारी पैसे मागितले! तुम्ही तर फक्त हेडफोन पोटावर ठेवताय. या गडबडीत बाळाच्या आईचं हिमोग्लोबिन बघायचं राहिलं तर राहू द्या. आयोडीनयुक्त मिठाचंही कौतुक नको. गरोदरपणी आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, हे खरं. पण मिठाचा पुडा हातात धरून फोटो कोण काढतं? 2000 साली देशातल्या पेट्रोलमधून मुलांच्या मेंदूला घातक असलेलं शिसं गेलं, त्याचा पेढा तुम्ही वाटला होतात का?

मूल बोलू लागलं की ते प्रश्न विचारतं. स्कूटरवर पुढे उभं राहून, मान वळवून विचारेल, 'बाबा, चंद्र आपल्याबरोबर का येतो?' इथे ठाम राहायचं. 'गप्प बस, अबॅकसला उशीर होतोय.' क्लासची फी भरलेली असते, चंद्र फुकट आहे. शिवाय उत्तर द्यायचं तर आधी आपल्याला यावं लागतं.

पणजीला कोणीतरी हट्टाने शाळेत घातलं, तिने आजीला मॅट्रिक होऊ दिलं, आजीने दोन मुलींवर थांबायचं ठरवलं, हा इतिहास बारशाला उगाळू नये. बदाम आणि ब्राह्मीची नावं घ्या, पाहुण्यांना पटतं.

आणि उद्या बुद्धी घसरलीच तर? तीही सोय झालेली आहे. नॉर्वेत सैन्यभरतीच्या चाचण्यांमध्ये 1975 नंतर जन्मलेल्या मुलग्यांचे गुण घसरू लागले; सख्ख्या भावांतसुद्धा धाकट्याचे कमी. आईबाप तेच, म्हणजे दोष रक्ताचा नाही, असा निष्कर्ष 2018 साली निघाला. नेमक्या कारणावर अजून एकमत नाही, तेव्हा तुम्हाला रान मोकळं. खुशाल मोबाइलवर ढकला. तो घेऊन कोणी दिला, असं विचारण्याइतकी पुढची पिढी हुशार निघाली, तर मामा आहेतच.