पूर्वज शोधताय? आधी ते ठरवून घ्या

सरकारी दप्तरातून घराण्याचा इतिहास काढायचं मनात आलंय ना? उत्तम. पण कचेरीची पायरी चढण्याआधी पूर्वज कोण होते हे घरीच ठरवून घ्या. पानिपतावर पडलेला सरदार असेल तर फारच बरं. जे जे गेले म्हणून सांगतात ते सगळे खरंच गेले असते, तर १७६१ साली अब्दालीला उभं राहायलाही जागा उरली नसती; पण ते तुमच्या शेजाऱ्याच्या पूर्वजांबद्दल. तुमचे गेलेच होते.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून करा. आजोबा, त्यांचे भाऊ आणि वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली आढळतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी अंदाजाने तारीख टाकायचे, असल्या शंका काढू नका. थोरले आजोबा धाकट्यापेक्षा वर्षाने लहान निघाले तरी गप्प बसा. कागदापेक्षा थोरलं कोणी नसतं.

पणजोबांसाठी मात्र गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक गाठावं लागेल. नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि वाट पाहा. मला एका कचेरीत उत्तर मिळालं, ‘सदर रजिस्टर जीर्ण असल्याने हाताळता येत नाही.’ रजिस्टर समोरच होतं. त्यावर चहाचा पेला होता. तुमचं नशीब चांगलं असेल तर नक्कल मिळेल आणि त्यात मोडीत लिहिलेलं असेल, ‘गणू बिन राघू यास मुलगा १’. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, त्यामुळे नाव नाही. तो ‘१’ म्हणजे तुमचे पणजोबा. आईचा रकाना शोधत बसू नका, मूल गणूलाच झालं आहे.

मोडी येत नसेल तर उलट फायदाच. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही, अशी ही लिपी. हवं ते वाचता येतं. जाणकाराकडे मात्र जाऊ नका. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून त्यांना तशीही फुरसत नाही, आणि तुम्हाला जिथे ‘सरदार’ दिसतो तिथे त्यांना ‘सारा बाकी’ दिसतो.

जनगणनेच्या वाटेला जाऊच नका. ब्रिटनमध्ये घरोघरची माहिती शंभर वर्षांनी खुली होते, अमेरिकेत बहात्तर वर्षांनी. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याचं कलम १५ आहे, ती कधीच कुणाला दाखवायची नाही. पणजीचं वय एवढं तर तिने स्वतःही लपवलं नसेल.

घराण्याला इनाम असेल तर पुण्याच्या पुरालेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडून पाहा. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या, तेव्हा इनामदारांनी लांबलचक कैफियती आणि वंशावळी दाखल केल्या. वाचताना ऊर भरून येतो. प्रत्येक पूर्वज स्वामिनिष्ठ, प्रत्येकजण औरस, मधे कुठे खंड नाही. जमीन वाचवायची होती, दुसरं काय! म्हणजे पूर्वज आधी ठरवून घ्यायची रीत तुमच्या घरात जुनीच निघाली.

राहता राहिला सातबारा. जुन्या उताऱ्यावर एकाच भावाचं नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं, की समजा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ त्या साडेतीन अक्षरांत राहतात. आजोबांच्या बहिणी शोधायच्या असतील तर नजर आणखी खाली न्या, ‘इतर हक्क’ या रकान्यात. विहिरीतला हिस्सा, तगाईचा बोजा, सोसायटीचं कर्ज आणि त्यांच्याखाली दोन नावं. तीही कंसात, म्हणजे कमी केलेली. शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा, क्रमांक असेल. तो फेरफार काढलात तर पणजोबा वारल्यावर तेराव्याच्या आसपासचं हक्कसोडपत्र निघेल. ‘राजीखुशीने’ हा शब्द ठळक, आणि खाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. शाई थोडी फासटलेली.

त्या फेरफाराची नक्कल घेऊ नका, उगाच पैसे जातील. वंशावळीच्या तक्त्यात या दोघींना घ्यायला जागाच नाही. फ्रेम मोजून करायला टाकली आहे, आणि मधली मोठी चौकट त्या ‘१’ साठी लागणार आहे.