वीस मिनिटांचं चाळीस होत नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो चार ग्रुपांवर आला, त्यातला एक तर आम्हा अपंगांचाच. अपंगत्वावरच्या परिषदेत बोलून आलेल्या कुणा वक्त्याचा तो वैताग आहे, आयोजकांनी पाठवलेल्या सूचनांवरचा. सार असं: स्लाइडवरचं प्रत्येक चित्र शब्दांत सांगत बसलं तर वीस मिनिटांचं भाषण चाळीस मिनिटांवर जातं, फाइल आधी दिली की लोक ऐकत नाहीत, फोनवर आपोआप सबटायटल येतात, मग कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे कशाला, आवाज खणखणीत असताना माइकची सक्ती का, आणि ‘दिव्यांग’ म्हटलं की मान राखला गेला, शब्दांचा आणखी कीस काय काढायचा?

मी अंध आहे आणि अशा परिषदांना श्रोत्यांत बसतो. म्हणून हे उत्तर.

आधी वेळेचं. प्रत्येक चित्राचं वर्णन करा असं कुणी म्हणतच नाही. कोपऱ्यातलं बोधचिन्ह आणि शेवटच्या ‘धन्यवाद’मागचा सूर्यास्त नाही कळला तरी माझं काही अडत नाही. ज्या चित्रावर तुमचा मुद्दा उभा आहे तेवढं सांगा. समजा 2011च्या जनगणनेचा स्तंभालेख आहे. “देशात अपंग व्यक्ती 2 कोटी 68 लाख. सगळ्यांत उंच तीन स्तंभ म्हणजे हालचालीचं अपंगत्व 54 लाख, ऐकण्याचं 51 लाख, पाहण्याचं 50 लाख. तिघांच्या उंचीत फारसा फरक नाही.” घड्याळ लावून वाचा, वीस सेकंदांच्या आत संपतं. त्याऐवजी आम्हाला ऐकायला मिळतं ते असं: “इथे बघा, हा इतका आहे आणि हा एवढाच, लक्षात आलं ना?” यातला ‘हा’ कोण आणि ‘इतका’ किती? शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारावं, तर तो सांगेपर्यंत पुढची स्लाइड आलेली असते. वीस मिनिटांत चाळीस स्लाइडा कोंबल्या असतील तर वेळ पुरणार नाही हे कबूल, पण मग दोष वर्णनाला देऊ नका.

फाइलचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा. एकदा परिषदेच्या आदल्या रात्री एका वक्त्याची फाइल आली. हौसेने उघडली, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर चालू केला आणि तो बोलू लागला: ई, जे, के, बी, एच. मला वाटलं फाइल बिघडली. बिघडली नव्हती, तो ‘मराठी’ हा शब्द होता! कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (संगणकाच्या आतही देवनागरी देवनागरीच ठेवणारी पद्धत) नसलेल्या फाँटात डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरंच असतात आणि स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. छापील पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ असेल तर तेवढंही नाही, तो कोरा कागद. फाइल आठवडाभर आधी हातात असेल तर हे युनिकोडमध्ये करून घेता येतं, भाषण ऐन रंगात असताना येत नाही. आणि लोक ऐकणार नाहीत म्हणाल, तर मी आधी वाचून ठेवतो ते भाषणाच्या वेळी दोन्ही कान तुम्हाला देता यावेत म्हणून.

तीच फाइल दुभाष्यांनाही लागते. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी काढलेली मराठी नव्हे, तिचं व्याकरण वेगळं आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश 2021मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. तुमच्या विषयातला खास शब्द त्यात असेलच असं नाही. तो कसा दाखवायचा हे दुभाष्याला आधी ठरवावं लागतं. ज्यांची पहिली भाषा ही आहे त्यांना मराठी सबटायटल म्हणजे परक्या भाषेतलं वाचन, तेही आडनावं चुकवणारं आणि मध्येच इंग्रजी शब्द आला की गडबडणारं. सबटायटल ठेवाच, ज्यांना ऐकू कमी येतं पण मराठी वाचता येतं त्यांना ती हवीच आहेत. फक्त तेवढ्यावर दुभाषे रद्द करू नका. आणि स्लाइड उठून दिसावी म्हणून हॉलचे दिवे मालवू नका, दुभाष्याचे हात अंधारात जातात. दुभाष्यांचा खर्च मोठा आहे, दर वीसेक मिनिटांनी आलटून-पालटून काम करायला दोघे लागतात, ही तक्रार मात्र खरी आहे. ती आयोजकांच्या अंदाजपत्रकाकडे करा.

माइकचं थोडक्यात. श्रवणयंत्र लांबचा आवाज हॉलच्या घुमण्यासकट उचलतं, मग खणखणीतपणा काय कामाचा? श्रोत्यांतून आलेला प्रश्नही माइकवर पुन्हा सांगा.

राहिला मान. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर 2015मध्ये सुचवला आणि सरकारी कागदांवर रुळला. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या समितीने 2019मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना तो वादग्रस्त असल्याची नोंद केली. आमच्यातही एकमत नाही. मला अंध म्हटलेलं चालतं, माझ्या एका मैत्रिणीला दिव्यांगच हवं असतं. विचारलं की कळतं. पण चहाच्या रांगेत माझ्या बायकोला “यांना साखर चालते का?” असं विचारणारा स्वयंसेवक मला कुठल्या शब्दाने हाक मारतो, याने काय फरक पडतो? साखर मला चालते. दोन चमचे.

मागे एका परिषदेत व्हीलचेअरवरच्या एक बाई मुख्य वक्त्या होत्या. व्यासपीठ दोन फूट उंच. एक फूट उंचीला बारा फूट लांबी या उताराने तिथे चोवीस फुटांचा रॅम्प लागला असता. होत्या चार पायऱ्या. बाई खालूनच बोलल्या, हातातला माइक धरून, समोरच्या पहिल्या रांगेलाही मान वळवायला लावत. आणि वर, फुलांच्या मागे बसलेल्यांनी आभार मानताना “आमच्या दिव्यांग भगिनी” असं तीनदा म्हटलं.