फुगलेली इष्टिकाचिती

रविवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे चहा झालेला आणि स्वयंपाकाला अजून वेळ अशा त्या जरा निवांत वेळेत, चिरंजीवांनी जाहीर केलं की उद्या गणिताची टेस्ट आहे आणि त्यात "ते खोक्यांचं" पण आहे. मी नवऱ्याकडे बघितलं तर त्याने लगेच कानात इयरफोन घातले, रविवारी संध्याकाळी कुठल्या ऑफिसचा कॉल असतो देव जाणे.

आमचा मुलगा सेमीत, म्हणजे गणित इंग्रजीतून, आणि मी पक्की मराठी माध्यमाची. मी आपलं उत्साहात म्हटलं, "इष्टिकाचितीचं घनफळ ना, सोप्पंय ते!" तर हा असा बघायला लागला जणू मी त्याला शिवी दिली. "आई, क्युबॉइडचा व्हॉल्यूम आहे गं." अरे तेच ते! इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला ढीग, इतका छान शब्द आहे, पूर्वी यज्ञाची वेदी अशीच विटांची रचायचे, 5 थर, एकेका थरात 200 विटा, झाल्या की नाही 1000? त्यावर तो म्हणाला, "मग त्यांना पण हे टेस्टला होतं का?"

सूत्र त्याला पाठ होतं हो, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, झोपेतून उठवून विचारा. पण पुस्तकात ठोकळ्यांचं चित्र होतं, 4 लांब, 3 रुंद, 2 उंच, आणि "एकूण ठोकळे किती" याचं उत्तर त्याने छातीठोकपणे 26 दिलं. मी म्हटलं 24. तो म्हणे मोजून दाखवतो. समोरचे 8, वरचे 12, बाजूचे 6, झाले 26. मला पण क्षणभर घाम फुटला. मग लक्षात आलं की पठ्ठ्या चित्रात दिसणारे चौकोन मोजत होता, कोपऱ्यातला एकच ठोकळा तीन वेळा मोजला गेला आणि मागे लपलेले बिचारे 6 हिशोबातच नाहीत.

लपलेले ठोकळे दाखवायला मी त्याचा रुबिक क्यूब आणला. "हे बघ, 3 गुणिले 3 गुणिले 3, एकूण 27, त्यातला मधला एक दिसत नाही, पण असतो." "नसतो," तो म्हणाला. "मी खोलून बघितलाय, मधे नुसता तो फिरवायचा खटका असतो. 26च आहेत." आणि हे खरं आहे! हा 26 आकडा त्या दिवशी माझ्या राशीलाच बसला होता.

मग मी थरांवर आले. एका थरात 12, असे 2 थर. थर म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले, "दहीहंडीसारखे?" हो हो, अगदी तसेच, असं मी घाईत बोलून गेले आणि फसले, कारण दहीहंडीत वर जाताना गोविंदा कमी होत जातात, सगळ्यात वर एकच, मग खाली 12 तर वर पण 12 कसे? बरोबर आहे त्याचं. मी विषय बदलला.

आणि इथे मी ती चूक केली. लिटर. 10 सेंटीमीटर बाजूच्या खोक्यात 1000 घनसेंटीमीटर मावतात, म्हणजे बरोब्बर 1 लिटर, हे डोळ्यांनी दाखवलं की पोरगा जन्मात विसरणार नाही असं मला वाटलं. ऑनलाइन आलेल्या पार्सलचा पुठ्ठा कापला, सेलोटेप लावला, आत प्लॅस्टिकची पिशवी बसवली, वरून उघडं असं खोकं तयार. पाणी का नाही घेतलं विचारू नका, दुधाच्या पिशवीवर 500 मिली छापलेलं असतं ना, मला छापील पुरावा हवा होता. दोन पिशव्या फोडल्या आणि ओतल्या.

दूध काठापासून चांगलं बोटभर खालीच राहिलं.

"दूधवाला मापात मारतो," चिरंजीवांनी निकाल दिला. लगेच हॉलमधून सासूबाई, "मी केव्हाची म्हणतेय, हल्ली साय पण धड येत नाही!" मी वाकून बघितलं तर पुठ्ठ्याच्या चारही बाजू पुरीसारख्या टम्म फुगलेल्या, साहजिकच आत जागा वाढली आणि दूध खाली बसलं. हे मी दोघांना समजावत होते, म्हणजे दूधवाल्याची बाजू मांडत होते, आणि समजावताना "हे बघा" म्हणून खोकं उचललं.

सेलोटेपने राम म्हटला. दूध ओट्यावरून खाली, तिथून फ्रीजच्या खाली. घनफळ तेवढंच, 1000 घनसेंटीमीटर, उंची जवळजवळ शून्य आणि क्षेत्रफळ अख्खं स्वयंपाकघर. नवरा इयरफोन काढून दारात आला, म्हणाला "काय शिकवतेयस नक्की?" आणि परत कॉलवर गेला. सासूबाईंना रात्रीचं हळदीचं दूध मिळालं नाही, त्यांनी दूधवाल्याला फोन करून झापलंच, कारण त्यांच्या मते मुळात तो कमी देतो म्हणून हे सगळं झालं.

गुरुवारी पेपर मिळाला. टाकी 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, 1 मीटर उंच, किती लिटर पाणी मावेल? इंग्रजीत नीट आकडेमोड, उत्तर 3000 लिटर, पूर्ण मार्क. आणि खाली पेन्सिलीने, त्याच्या त्या गिचमिड अक्षरात, मराठीत: "टाकी फुगली तर जास्त." बाईंनी त्याला लाल गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, पालकांनी सही करावी.

मी पेपर नवऱ्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "माझा कॉल आहे."