मापं चोरून आणता येत नाहीत

ऑनलाइन पोर्टलवर शाळेचे गणवेश विकायचे तर मालासोबत साइज चार्ट, म्हणजे मापांचा तक्ता, द्यावा लागतो. आज दुपारी आमच्या सोलापूरच्या कापडवाल्यांच्या ग्रुपवर एकानं एक्सेलची फाइल टाकली. "रेडी साइज चार्ट, सगळ्या कॅटेगरीचे. फक्त ब्रँडचं नाव बदला, लगेच अप्रूव्ह." खाली अंगठ्यांची रांग. दोघातिघांनी तर हातच जोडले. गल्ल्यावर बसल्या बसल्या डोकं सणकलं. तिथं लिहिलं की विषय बाजूला राहतो आणि माणसावर येतो, म्हणून इथं लिहितोय. इथं आपली माणसं आहेत.

फाइल उघडून बघितली. मुलींच्या ट्युनिकला वय 9-10, छाती 15 इंच. अरे, नऊ वर्षांच्या पोरीची छाती 15 इंच? कुणीतरी ट्युनिक टेबलावर पसरून या काखेपासून त्या काखेपर्यंत टेप लावला आणि दुप्पट न करताच आकडा टाकला. रकाना मात्र पूर्ण घेराचा. शर्टाच्या पानावर तर अजून मजा, वर लिहिलंय सेंटीमीटर आणि खाली आकडे इंचातले. पोर्टलनं हे पास केलं असणार यात मला काही नवल वाटत नाही. त्याला रकाना भरलेला दिसला की झालं.

मला लातूरकडच्या एका बाईंची आठवण झाली. मागच्या जूनमधली गोष्ट, शाळा सुरू व्हायच्या तोंडावरची. पाकिटाच्या लेबलवर आपला नंबर असतो, त्यावर फोन आला. "दादा, तुमच्या चार्टात 8-9 वर्षं बघून ट्युनिक मागवला, पोरीला तोकडा होतोय." मी म्हटलं, ताई, टेप आहे का घरात? टेप नव्हता. मग म्हणाल्या, थांबा, हिच्या कंपासमध्ये नाही पण दप्तरात मोठी पट्टी आहे. फोन स्पीकरवर ठेवला. पोरीला भिंतीला उभी केली आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी धरत गेल्या. जिथं पट्टी संपली तिथं अंगठा, अंगठ्यापासून पुन्हा पट्टी. पोरगी गुदगुल्या होतात म्हणून हसतेय, आई ओरडतेय, "सरळ उभी राहा गं!" दोन पट्ट्या आणि वर वीस. म्हणजे 80 सेंटीमीटर, साडेएकतीस इंच. 32 नंबर. माझ्याकडून गेला होता 28.

आता 28 का गेला? गणवेशाच्या धंद्यात वय चालत नाही, नंबर चालतो. ट्युनिकचा नंबर कपड्याच्या इंचातल्या उंचीवर, शर्टाचा 22, 24, 26 असा दोन-दोननं चढत जाणारा. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय, आणि इथून देशभर गणवेश जातात. पोर्टलच्या यादीत मात्र फक्त "8-9 वर्षं", "9-10 वर्षं". नंबर टाकला की लाल अक्षरात "अमान्य". मग 28 ला कुठल्यातरी वयाच्या खुंटीला टांगायचं. चौथीच्या कुठल्याही वर्गात डोकावून बघा, एकाच बाकावर बसलेल्या दोन पोरींत वीतभर फरक असतो. हे पोर्टलच्या एसीतल्या पोरांना कोण सांगणार?

बरं, सरकारी तक्ता येईल म्हणावं तर तेही नाही. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं इंडियासाइझसाठी, म्हणजे भारतीय अंगाच्या मापांच्या तक्त्यासाठी, सहा शहरांत थ्रीडी स्कॅनर लावून 25 हजारांवर लोकांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं. चांगलं काम आहे. पण वयोगट 15 ते 65. म्हणजे बालवाडीपासून नववीपर्यंतचं आमचं अख्खं गिऱ्हाईक बाहेर.

चार्ट सक्तीचा झाल्यापासून रिटर्न कमी झाले, हे मान्य करायलाच पाहिजे. झालेत. गोंदियाच्या माणसानं सोलापूरच्या नवी पेठेत येऊन अंगाला लावून बघावं असं मी म्हणणार नाही.

पण म्हणूनच तर तो चार्ट आपला पाहिजे ना राव! सोलापूरच्या पूर्व भागातल्याच दोन कारखान्यांचा 32 नंबरचा शर्ट घ्या, छातीला दोन इंचांचा फरक सापडेल. प्रत्येकाचा पॅटर्न वेगळा, लूजिंग म्हणजे अंगापेक्षा ठेवलेला सैलपणा वेगळा. दुसऱ्याचा चार्ट आपल्या मालाला लावायचा म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचायचा. त्या ताईंनी अंगठा ठेवून पट्टीनं माप काढलं, आणि इथं कारखाना, कटिंग टेबल, खुंटीला चार-चार टेप असलेली माणसं फाइल मागतायत.

आमच्या कटिंग मास्तरांना मी चार्टासाठी मापं सांगा म्हटलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मालक, धुतल्यावरचं लिहायचं का धुवायच्या अगोदरचं?" हा प्रश्न त्या फाइलीत कुठल्या रकान्यात आहे? पॉलिस्टर मिसळलेलं कापड फार आटत नाही, पण नुसत्या सुतीची खात्री कोण देणार? दुसरा प्रश्न त्याहून भारी. "खालची दुमड उंचीत धरायची का?" आम्ही ट्युनिकला खाली अडीच इंच दुमड ठेवतो आणि कडेला माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड. पुढच्या जूनला आई उसवून खाली घेते, कडेनं सैल करते, अजून एक वर्ष निघतं. आपल्यापैकी किती जण असेच वाढले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं सगळ्यात कामाचं माप हे, आणि चार्टात त्याला जागा नाही. मी ते वर्णनात लिहितो, कुणी वाचो न वाचो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. अंगठे देणाऱ्यांत निम्मे एकटे राबणारे आहेत. तोच फोटो काढणार, तोच जीएसटीचा एचएसएन कोड टाकणार, तोच पॅकिंग करणार आणि तोच पिकअपवाल्याच्या मागं पळणार. चार्ट रिजेक्ट झाला की लिस्टिंग अडकतं आणि सीझन काही थांबत नाही. त्यांचं मी समजू शकतो. फाइल टाकणाऱ्याचं नाही समजू शकत. त्याचा स्वतःचा कारखाना आहे आणि रिटर्नचा भुर्दंड त्यानं भोगलेला आहे. जायचा-यायचा खर्च आपल्या खिशातून, माल येतो तो चुरगळून, कधी कधी घालून धुतलेला. ट्युनिक बदलून जाईपर्यंत पोरगी आठवडाभर रंगीत कपड्यात शाळेत जाते आणि वर्गाच्या बाईंची बोलणी खाते. लातूरच्या पोरीचं तेच झालं.

तर ज्यांना खरंच चार्ट करायचाय त्यांनी या. प्रत्येक नंबरचा एक नग आणा, इस्त्री केलेला. कापड न ताणता पसरायचं, काखेखाली माप घेऊन दुप्पट करायचं, उंची खांद्याच्या शिवणीपासून. कपड्याचं माप आणि अंगाचं माप वेगवेगळ्या रकान्यात, एकक सगळीकडं एकच. आमचे मास्तर संध्याकाळी सहानंतर मोकळे असतात. चहा माझ्याकडून, पण मास्तरांना कडक लागतो आणि मध्ये कुणाचा फोन वाजलेला त्यांना खपत नाही.