मुळा-प्रवरा बुडाली म्हणून सहकारी वीज खोटी ठरत नाही

"गावकऱ्यांच्या मालकीची वीजसंस्था चालूच शकत नाही, मुळा-प्रवरेचं काय झालं बघा. खेड्याला वीज द्यावी ती सरकारने, नाहीतर मोठ्या कंपनीने." हा मजकूर इतक्यांनी पुढे पाठवलाय की आता तो सिद्ध झाल्यासारखा वाटतो. मला तो साफ अमान्य आहे.

आधी मुळा-प्रवरेचंच घेऊ, कारण सगळा भार तिच्यावर टाकलाय. श्रीरामपूर-राहुरी भागातल्या या सहकारी वीजसंस्थेचा वीजवाटपाचा परवाना 2011च्या जानेवारीत संपला, थकबाकी डोंगराएवढी होती, हे खरं. पण ती साठली कशी? संस्था घाऊक वीज युनिटप्रमाणे विकत घ्यायची. पुढे ती ज्या शेतीपंपांना जायची, त्यातल्या बहुतेकांचं बिल हॉर्सपॉवरवर. पाच एचपीची मोटर दोन तास चालो की आठ तास, शेतकऱ्याचं बिल तेवढंच. संस्थेचं खरेदीचं बिल मात्र तासागणिक चढायचं. आणि खरेदीचा दर काय, विक्रीचा दर काय, दोन्ही ठरायचे बाहेर. वसुली ढिली होती, राजकारणही होतं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण शेतीपंपांची हजारो कोटींची थकबाकी महावितरणच्याही माथी आहे. तिथे कुणी म्हणत नाही की सरकारी मालकीच चुकीची.

अशा सहकारी वीजसंस्था "सगळ्याच बुडाल्या" असं कुणी म्हणेल, तर तेही खोटं. 1970च्या आगेमागे देशात अशा ज्या पहिल्या संस्था उभ्या राहिल्या, त्यातली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची आणि तेलंगणातली सिरसिल्लाची आजही वीज वाटतात. अडचणी त्यांनाही आहेत, पण तारांतून वीज वाहतेय. बांगलादेशात खेड्यापाड्यांत वीज नेली ती पल्ली विद्युत समित्यांनी, म्हणजे तिथल्या ग्रामीण सहकारी वीजसंस्थांनी. आज त्या 80 आहेत.

"मोठी कंपनीच खेड्यात पोहोचते" या दाव्याला तर इतिहासच उत्तर देतो. 1935 साली अमेरिकेत शहरं झगमगत होती आणि दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. मैलभर तार ओढून दोन-तीन घरं मिळणार, तर खासगी कंपन्या येतील कशाला? मग सरकारने स्वस्त कर्ज दिलं आणि शेतकऱ्यांनीच संस्था काढल्या. वीसेक वर्षांत दहातल्या नऊ शेतांवर वीज आली. आज तिथे अशा सुमारे 900 संस्था आहेत. त्यांच्यात वर्षाअखेरीस उरलेला पैसा सभासदाच्या नावे भांडवल म्हणून जमा होतो आणि काही वर्षांनी त्याला परत मिळतो.

"गावकऱ्यांना यातलं तांत्रिक काय कळतं?" खांबावर सभासद चढत नाहीत, लाइनमन आणि इंजिनिअर पगारी असतात. सभासदाने विचारायचं ते दुसरंच. डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळाली, नवी कधी बसणार? ऐन पिकाला पाणी भरण्याच्या दिवसांत गावोगाव शेतकरी वर्गणी काढतात, स्वतःच्या ट्रॅक्टरमधून डीपी नेतात-आणतात. हा जाब दूरच्या कार्यालयात विचारायचा तर अर्ज, खेपा, हातापाया पडणं. संचालक मतांवर निवडून येत असेल तर तोच प्रश्न वार्षिक सभेत उभं राहून, सगळ्यांदेखत विचारता येतो.

अर्थात सभेला माणसं आली पाहिजेत. तीच चार घराणी बिनविरोध येऊ लागली की हा हक्क कागदावर राहतो. ही खरी कमजोरी आहे, आणि टीका करायची तर हिच्यावर करा.