हो, मला जजवाली राइड आवडते

आज सकाळी एका जुन्या सोबत्याने माझ्या फोटोखाली लिहिलं, "कॉम्पिटिटिव्ह ट्रेल म्हणजे ज्यांना एन्ड्युरन्स झेपत नाही त्यांची शाळा." त्यावर हसणाऱ्यांची रांग. दुपारपर्यंत गप्प बसले. आता लिहितेच.

दोन्ही घोड्यावरच्या लांब पल्ल्याच्या राइड. एन्ड्युरन्स म्हणजे वेळेची शर्यत, कॉम्पिटिटिव्ह ट्रेल म्हणजे जज गुण देतात ती. मी दोन्ही केलंय, एन्ड्युरन्स आधी. पन्नास मैल, हातात बारा तास. माझ्या मैना घोडीने ते नऊ तासांत पार केले आणि मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. एईआरसीचं, म्हणजे अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स संघटनेचं, ब्रीदच आहे ना, पूर्ण करणं म्हणजेच जिंकणं. जिंकले होते मी!

पुढच्या वर्षी एका मैत्रिणीने ओढून जजवाल्या राइडला नेलं. तिथे किमान आणि कमाल वेळ ठरलेली. उशीर झाला तर गुण जातातच, पण लवकर पोचलात तरी जातात. ओढ्याकाठी झुडपाआड एक जज वही घेऊन बसलेला, तुम्ही घोडा पाण्यात कसा घालता ते बघत. घोड्याचे गुण वेगळे, स्वाराचे वेगळे. रात्री तळावर घोडा बांधला कसा, दोर केवढा सोडला, तेही तपासतात. वर घोड्यावरून उतरून पुढे चालायची बंदी. पुढे जायचं तर खोगिरावर बसूनच. वैताग आला होता, खोटं कशाला बोलू.

शेवटी व्हेटने, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरने, मैनाच्या पाठीवरून बोटं फिरवली. उजवीकडे, खोगिराच्या बरोबर खाली, ती दबली. कार्डावर आलं : पाठ उजवीकडे हळवी, स्वार उजवीकडे झुकतो.

मी झुकते? घोडी तरतरीत, दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर पंधरा सेकंदांत नाडीचे जेमतेम अकरा ठोके, आणि हे मला बसायला शिकवणार! घरी येईपर्यंत गाडीत बडबडत होते.

आता कोणी म्हणेल, एन्ड्युरन्समध्येही बारकाईने बघतात. बघतात, मान्य. प्रत्येक व्हेट चेकला नाडी, आतड्यांचे आवाज, हिरड्या, कातडीची चिमट, चाल, सगळं होतं. घोडा लंगडला की राइड तिथेच संपली. टेविस ही अमेरिकेतली एन्ड्युरन्स राइड 1955 पासून चालू आहे, 24 तासांत 100 मैल, आणि तिथे पहिल्या दहांतल्या सर्वांत सुस्थितीतल्या घोड्याला हॅगिन कप वेगळा देतात. म्हणजे ही माणसं काही घोडे मारायला निघालेली नाहीत. सपाट वाळवंटात वेगाच्या नादात घोड्यांचं काय झालं तो विषय निराळा. त्यासाठी 2015 मध्ये एफईआयने, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, अमिरातीच्या फेडरेशनला निलंबित केलं होतं, आणि बरंच केलं म्हणेन मी. पण त्या पापात डोंगरातल्या पन्नास मैलवाल्यांना ओढत नाही.

तर ते कार्ड. दोन आठवडे धुसफुसून शेवटी मागून व्हिडिओ काढायला लावला. दुडकीवर मी उजवीकडे इतकी कललेली की उजवी रिकीब डावीपेक्षा खाली लोंबत होती. मग कुठून सुचलं कोण जाणे, ट्रंकेतून एन्ड्युरन्सचं जुनं कार्ड काढलं. शेवटच्या चेकची ओळ. पाठ : बी. म्हणजे ए नाही, काहीतरी खटकलं होतं.

लिहिलेलं होतं! त्या व्हेटने आपलं काम चोख केलं होतं. मीच वाचलं नव्हतं, कारण मी पास झाले होते. पास झालेली पत्रिका कोण वाचतं? दुसरीकडे त्याच हळव्या पाठीने माझे गुण कापले, चारचौघांत कापले, म्हणून झोप उडाली. तिला नऊ तास दुखत होतं आणि मी फोटोत दात काढून हसतेय.

त्यामुळे "शाळा" म्हणणाऱ्या मित्रा, हो, शाळाच आहे. तू तुझं शेवटचं कार्ड वाचलंयस का? नुसता नंबर नाही, सगळ्या ओळी?

जाऊ दे. सकाळी फार चिडले होते, आता तेवढी नाही. तू माझ्या पहिल्या राइडला पाण्याच्या बादल्या वाहिल्या होत्यास, ते विसरलेले नाही.

पुढच्या महिन्यात पन्नास मैलांना नाव दिलंय. नवीन खोगीर, दोन्ही रिकिबी मोजून सारख्या. शेवटच्या चढाला मी उतरून मैनासोबत पायी येईन. तेवढी सोय तुमच्याकडे आहे, जजवाल्यांकडे नाही. बादली घेऊन उभा राहा.