निळा मासा, कच्चं तेल आणि आमचे बाबा

घरातली सून डॉक्टर असली की अख्खं गोत तिला आपले रिपोर्ट दाखवायला येतं, आणि सीए असली तर जुलै महिन्यात फॉर्म 16 घेऊन येतं. मी स्पॅनिश शिकले ती याच हिशेबाने, की या भाषेवाचून ठाण्यात कुणाचं काही अडायचं नाही. ऐरोलीच्या एका कंपनीत मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यांची कटकट ऐकायची, पगार झाला की विषय संपला. घरी या विद्येचा उपयोग एवढाच, की पाहुणे आले की सासूबाई म्हणायच्या, "अगं, बोलून दाखव ना जरा." मी "बुएनोस दियास" म्हणायचे, पाहुणे "वा वा" करायचे, मग चहा यायचा. तो चहाही मीच करायचे.

पण बाबा, म्हणजे माझे सासरे, व्हॅलेन्सियाला माझ्या नणंदेकडे राहून आले आणि हे सुख संपलं.

90 दिवसांचा व्हिसा बाबांनी पुरेपूर वसूल केला. त्यात डॉक्टरकडेही जाऊन आले. बीपी वाढलेलं, कोलेस्टेरॉल वाढलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आहाराचा दोन पानी कागद हातात ठेवला. तो बाबांनी पासपोर्टच्या जोडीने पाउचमध्ये घालून आणला. कारण त्यांच्या मते आपल्याकडचे डॉक्टर काय खाऊ नका तेवढंच सांगतात, या बाईंनी काय खा ते लिहून दिलं होतं. काय लिहून दिलं होतं, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. नणंदेला विचारावं, तर तिचं ऑफिस सगळं इंग्रजीत आणि स्पॅनिश भाजीबाजारापुरतं. "वहिनी, तुम्ही असताना मी काय बोलणार?" असं म्हणून तिने अंग काढून घेतलं.

नौपाड्यातल्या डाएटिशियन मॅडमनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "हे इंग्लिशमध्ये टाईप करून द्याल का? मी सॉफ्टवेअरमध्ये टाकते, कॅलरी, सोडियम सगळं आपोआप येतं. सॉफ्टवेअर फक्त इंग्लिश घेतं."

"आमच्या सूनबाईंना येतं स्पॅनिश," बाबा म्हणाले. सूनबाई तेव्हा घरी झोपल्या होत्या, कारण मेक्सिकोत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे रात्र पडते आणि माझी ड्यूटी सुरू होते. त्याच रात्री माझ्या नवऱ्याने "त्यात काय एवढं" म्हणत फोनचा कॅमेरा कागदावर धरला, आलेलं इंग्रजी छापलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

सकाळी मी घरी आले तर आई इसबगोलचा पेला घेऊन मागे आणि बाबा पुढे, अशी वरात बाल्कनीपर्यंत पोचली होती. "उभ्या जन्मात मला असला त्रास झालेला नाही!" बाबा ओरडत होते. कागदाच्या पहिल्याच ओळीत डॉक्टरीणबाईंनी 'कोन्स्तिपादो' लिहिलं होतं आणि फोनने त्याचं सरळ कॉन्स्टिपेशन करून टाकलं होतं. स्पेनमध्ये कोन्स्तिपादो म्हणजे सर्दी झालेला माणूस. बाबा त्या दिवशी दवाखान्यात शिंकत होते, बस. आईंना हे अजिबात पटलं नाही. "नाकाच्या दुखण्याला पोटाचं नाव कशाला द्यायचं?" म्हणाल्या, आणि पेला ओट्यावर झाकून ठेवला. वाया कशाला घालवायचा!

फ्रिजवरचा उरलेला कागदही याच तोलाचा होता. 'इंटिग्रल राइस' वाचून नवऱ्याला बारावीचं गणित आठवलं. डॉक्टरीणबाईंना बिनपॉलिशचा तांदूळ हवा होता. 'इंडस्ट्रियल बेकरी टाळा' ही ओळ बाबांना फारच आवडली. "मी खारी गावदेवीजवळून आणतो. वागळे इस्टेटमध्ये कोण जातंय बेकरीत?" म्हणजे खारी बसली मंजूर यादीत. मूळ 'बोयेरिया इंदुस्त्रियाल' म्हणजे कारखान्यातले पाकीटबंद केक, क्रोसाँ, गोड पाव. गावदेवीची खारी त्यांना माहीत असती तर तिच्यावरही त्यांनी फुली मारली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सगळ्यात वरताण ओळ ही: 'सॅलडवर क्रूड ऑइल, दोन चमचे.' बाबांनी चष्मा काढून विचारलं, "बॉम्बे हायवरून मागवायचं का?"

दुसऱ्या दिवशी मी मूळ कागद पर्समध्ये घातला. सकाळी सगळं ठाणं ऐरोलीकडे येत असतं तेव्हा मी उलटी जाते, त्यामुळे लोकलमध्ये बसायला मिळतं. कागद मांडीवर घेतला आणि दिघा गाव येईपर्यंत लक्षात आलं, की हेच सरळ मराठीत उतरवायचं असतं तर काम ठाण्याच्या आत आटोपलं असतं. 'आ ला प्लांचा' म्हणजे तापलेल्या सपाट लोखंडावर, थेंबभर तेलात. आपला तवा. इंग्रजीत 'ग्रिल्ड' लिहिलं की ठाण्यातल्या माणसाला चीज सँडविच दिसतं. 'फ्रुतोस सेकोस' म्हणजे सुकामेवा, आणि आपल्यासारखंच तिकडेही त्यात पहिला मान बदाम-अक्रोडांना. शब्दाला शब्द ठेवून 'ड्राइड फ्रूट' केलं की बदाम गायब आणि मनुका-जर्दाळू हजर, साखरेसकट. बॉम्बे हायवालं 'आसेइते एन क्रुदो' म्हणजे चक्क कच्चं तेल. भाकरीवर चटणी घेऊन, मधे खळगा करून ओततो तसं, फक्त ऑलिव्हचं. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्येच निघतं. 'लेगुंब्रेस' म्हणजे कडधान्यं. इंग्रजीत बीन्स म्हटलं की फरसबीही रांगेत येऊन उभी राहते. 'अल गुस्तो' म्हणजे आपलं चवीनुसार. फार काय, व्हॅलेन्सियात पाएया करताना तळाचा भात मुद्दाम कडक करतात आणि खरवडून चवीने खातात. तो 'सोकार्रात' म्हणजे आपली खरवडच की! व्यवहार सरळ होता. मधे इंग्रजी दलाल बसवली आणि ती दोन्हीकडून कमिशन खाऊ लागली.

'पेस्कादो आसूल'चं तेच. आठवड्यातून दोनदा निळा मासा. इंग्रजीत 'ब्लू फिश' लिहावं तर त्या नावाचा एक भलताच मासा अटलांटिकमध्ये असतो. मी तेलकट मासा असं लिहायच्या बेतात होते, तेवढ्यात आई मला न विचारताच चेंदणी कोळीवाड्याच्या मावशींना विचारून मोकळ्या झाल्या. "मावशी, निळा मासा असतो का हो काही?" मावशींनी एकदा आईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पापलेटांचा ढीग बाजूला सारून खालून एक बांगडा काढला, पाण्याचा हात फिरवून त्याची पाठ उन्हात धरली. निळसर हिरवी झाक, पोट चंदेरी. "निला मंजे यो बांगरा. पाठ बग ना त्याची." संपलं. सार्डिन, मॅकरेल, म्हणजे आपली तारली नि बांगडा, हीच स्पेनमधली निळी मंडळी. पाठीच्या रंगावरूनच ते नाव. मॅडमच्या सॉफ्टवेअरला यासाठी ओमेगा-3 चा वेगळा तक्ता लागतो. मावशींनी तोवर चार बांगडे साफही केले होते. पापलेटचं नाव कुठेच नाही, याचं दुःख बाबांनी धीराने गिळलं.

रात्रीच्या जेवणात 'तोर्तिया फ्रान्सेसा' होती. माझी गिऱ्हाइकं तोर्तिया म्हणतात ती मक्याची पोळी. स्पेनची तोर्तिया अंड्याची, आणि फ्रान्सेसा म्हणजे आत काहीही न घातलेलं साधं ऑम्लेट. वेळ रात्री साडेनऊ. तिकडे दुपारचं जेवणच दोन-तीन वाजता, मग रात्रीचं नऊ-दहाला. मॅडम म्हणाल्या, सातच्या आत जेवण. बाबा म्हणाले, साडेनऊ असं परदेशी डॉक्टरांनी लिहिलंय. पानाच्या शेवटी 'पोस्त्रे' होतं, त्याचं फोनने 'डेझर्ट' केलं होतं, दोन्ही वेळच्या जेवणानंतर. पुढचे शब्द, 'फ्रूता देल तिएंपो', म्हणजे हंगामातलं फळ, तेवढे बाबांनी वाचले नव्हते. मी वाचून दाखवेपर्यंत अर्धा किलो श्रीखंड घरी आलेलं होतं.

मॅडमना बाबांच्या तिकडच्या सवयीही हव्या होत्या. संध्याकाळी काय घ्यायचे? ओर्चाता, बाबा म्हणाले, गारेगार आणि गोड. मेक्सिकोत ती तांदळाची करतात, व्हॅलेन्सियात चूफाची. चूफाला इंग्रजीत 'टायगर नट', म्हणून मॅडमनी लगेच विचारलं, "नट्सची ॲलर्जी नाही ना?" पण हा नट नव्हेच, जमिनीखालचा कंद, आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातला. हे मी सहज बोलून गेले.

"नागरमोथा?" आई ताठ बसल्या. "दिवाळीच्या उटण्यातला? हे तिकडे रोज उटणं पीत होते?"

बाबांनी विषय बदलण्यासाठी कागद ओढला, आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या पानाच्या तळाला, हाताने लिहिलेली एक ओळ. इतके दिवस ती कुणीच नीट पाहिली नव्हती. बाबांनी त्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचलं. "बी, ए, टी, ए, टी, ए. बटाटा! आठवड्यातून तीनदा, उकडलेला. घ्या. याला कशाला हवंय भाषांतर?"

"अहो बाबा, स्पेनमध्ये बताता म्हणजे रताळं. बटाट्याला ते पताता म्हणतात."

"आणि आपण?"

"आपण बटाटा म्हणतो. पोर्तुगीजांकडून घेतलं ते नाव."

"मग त्या डॉक्टरीणबाईंनी पोर्तुगीजांशी बोलून घ्यायचं होतं," बाबा म्हणाले. "रताळं मी एकादशीला खातो. तू अर्थ सांगू नकोस, आहे तसं टाईप करायला सांग."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, स्वीट पोटॅटो लिहा. पण त्यांची बोटं आधीच कीबोर्डवर होती. त्यांनी ती सहा अक्षरं टाईप केली आणि सॉफ्टवेअरने खाली आपणहून पर्याय उघडला: बटाटा वडा, 1 नग.

बाबा खुर्चीतून पुढे सरकले. "हेच ते," म्हणाले.